‘१० वर्षं झाली की ग्रीन कार्ड मिळतं’ हे खरं आहे का? भावाने थांबावं की परतावं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुमचा धाकटा भाऊ २०१५च्या शेवटी व्हिजिटर व्हिसावर अमेरिकेत गेला आणि परतला नाही. एका मोटेलमध्ये काम करतो, तिथेच राहतो. ओळखीतलं कुणी म्हणतं, १० वर्षं पूर्ण झाली की ग्रीन कार्ड मिळतं. दुसरं कुणी म्हणतं, नवा कायदा येणार आहे, सगळ्यांना माफी मिळेल. इकडे आई आजारी आहे. त्याने थांबावं की परत यावं? आणि शेवटी तुम्ही विचारलंय, की त्या देशाला ही कामं करणारी माणसं हवीच आहेत, तर सरकार त्यांना सरळ कागद का देत नाही?

मी अमेरिकेत इमिग्रेशनची वकिली करते. मोटेल, गॅस स्टेशन, रेस्टॉरंटचं किचन, घरकाम या ठिकाणी राबणारी, कायदेशीर स्टेटस नसलेली आपली माणसं माझ्याकडे नेहमी येतात. ‘कायदा कधी येणार?’ हाच त्यांचा पहिला प्रश्न असतो. माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे. कायदा आला तर त्या दिवशी तुमच्या भावाच्या फाइलमध्ये काय असेल, आणि तोपर्यंत त्याच्या हातून असं काही होणार नाही ना, ज्याने दार कायमचं बंद होईल? त्याची फाइल मी पाहिलेली नाही, त्यामुळे जिथे उत्तर परिस्थितीवर ठरतं तिथे तसं सांगेन.

आधी ती १० वर्षांची गोष्ट. तिला कायद्यात आधार आहे, म्हणूनच ती इतकी पसरते. ‘कॅन्सलेशन ऑफ रिमूव्हल’ नावाची तरतूद आहे. पण त्यासाठी अर्ज करून ग्रीन कार्ड मागता येत नाही. सरकारने तुमच्यावर देशाबाहेर काढण्याची केस लावलेली असेल, तरच इमिग्रेशन कोर्टात बचाव म्हणून ती मागता येते. १० वर्षांचं सलग वास्तव्य ही तिची फक्त पहिली अट आहे. पुढे चांगली वर्तणूक सिद्ध करावी लागते. शिवाय अर्जदाराला काढलं तर त्याच्या अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीदाराला, आईवडिलांना किंवा मुलाला असाधारण आणि अत्यंत असामान्य कष्ट होतील, हे दाखवावं लागतं. साधे कष्ट चालत नाहीत. मूल शाळेतून उपटलं जाईल, पगार बंद होईल, एवढं न्यायाधीशांना पुरत नाही. तुमची आई भारतात आहे, त्यामुळे तिचं आजारपण या हिशेबात धरलंच जात नाही. आणि एवढं सगळं जमलं तरी वर्षाला जास्तीत जास्त ४,००० जणांनाच हा लाभ देता येतो. भाऊ अविवाहित असेल, तिथे त्याचं मूलबाळ नसेल, तर १० काय आणि २० काय, या वाटेने त्याला काही मिळणार नाही.

याच अफवेवर काही एजंट पोट भरतात. ‘असायलमची (आश्रय मागण्याची) केस टाकू, कोर्टात नंबर लागेपर्यंत वर्क परमिट मिळेल, मग १० वर्षांचा क्लेम करू’ असं सांगून पैसे घेतात. भावाला हे कुणी सुचवलं असेल तर त्याला आजच थांबवा. असायलमचा अर्ज सर्वसाधारणपणे अमेरिकेत आल्यापासून एका वर्षाच्या आत करायचा असतो, आणि अर्ज जाणूनबुजून खोटा ठरला तर इमिग्रेशनचे जवळपास सगळे मार्ग आयुष्यभरासाठी बंद होतात. गुन्ह्याचे बळी ठरलेल्यांसाठी यू व्हिसा असतो. तो मिळवण्यासाठी आपल्याच लोकांनी दुकानात दरोड्याचं नाटक रचल्याच्या फौजदारी केसेस अलीकडे उभ्या राहिल्या आहेत. त्यात नाटक करणारे अडकले, आणि पैसे देऊन बळी बनलेलेही अडकले.

आता नव्या कायद्याबद्दल. १९८६ मध्ये रेगन यांच्या सहीने इमिग्रेशन सुधारणेचा मोठा कायदा झाला आणि सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर दर्जा मिळाला. त्याची रचना लक्षात ठेवण्यासारखी आहे. मुख्य योजनेत १ जानेवारी १९८२च्या आधीपासून सलग राहणाऱ्यांनाच जागा होती. म्हणजे कायदा १९८६चा, आणि तारीख जवळजवळ पाच वर्षं मागची. शेतमजुरांसाठी वेगळी योजना होती. तिच्यात १ मे १९८६पर्यंतच्या वर्षात किमान ९० दिवस शेतीत काम केल्याचा पुरावा लागत होता. २०१३ मध्ये सिनेटने जे विधेयक ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केलं, त्यातही ३१ डिसेंबर २०११ ही तारीख होती. दंड होता, थकलेला कर भरायचा होता, दरम्यान रोजगार दाखवायचा होता, आणि नागरिकत्वापर्यंत जायला साधारण १३ वर्षं लागणार होती. प्रतिनिधी सभेने ते मतदानालाच घेतलं नाही. त्याआधी २००६ आणि २००७ मध्येही प्रयत्न झाले, तेही फसले. लहानपणी आलेल्या मुलांसाठीचा ड्रीम ॲक्ट २०१० मध्ये सिनेटमध्ये अडला. मग २०१२ मध्ये ओबामांनी अशा मुलांना देशाबाहेर काढणं तात्पुरतं थांबवणारा ‘डाका’ आणला, पण तो प्रशासकीय आदेश आहे, त्यातून ग्रीन कार्ड मिळत नाही.

या इतिहासातून मी माझ्या अशिलांना दोन गोष्टी सांगते. कायदा येईल या भरवशावर आयुष्याचे निर्णय घेऊ नका, कारण १९८६ नंतर सरसकट असं काही झालेलं नाही. पण कधी झालंच, तर त्याची तारीख मागची असेल आणि पुरावा तुम्हालाच द्यावा लागेल. रोखीने पगार, मोटेलचीच खोली, नावावर वीजबिल नाही, बँक खातं नाही, अशा माणसाने १० वर्षं तिथे काढली हे कागदावर कसं दिसणार? दवाखान्याच्या पावत्या, भारतात पैसे पाठवल्याच्या स्लिपा, फोनची बिलं, देवळातल्या देणगीची पावती, तारीख असलेलं जे काही असेल ते त्याने वर्षवार लावून ठेवावं. कर भरणं हाही चांगला पुरावा असतो. सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्यांसाठी करखातं आयटिन नावाचा वेगळा क्रमांक देतं. मात्र २०२५ मध्ये करखात्याकडची माहिती इमिग्रेशन खात्याला देण्याचा करार झाला आणि तो वाद कोर्टात गेला. त्यामुळे नव्याने रिटर्न भरण्याआधी त्याने वकिलाशी बोलावं. पूर्वी मी हा सल्ला न अडखळता द्यायचे, आता तसं करत नाही.

तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. माणसं हवीत तर कागद का नाहीत?

लोक म्हणतात, ‘रांगेत उभं राहून यायला काय झालं?’ मोटेलच्या खोल्या साफ करणाऱ्यासाठी ती रांग कुठे आहे ते बघू. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं असतात, आणि त्यात कामगारांचं कुटुंबही मोजलं जातं. दोन वर्षांपेक्षा कमी प्रशिक्षण लागणाऱ्या कामांसाठी त्यातली कायद्याने १०,०००. पण १९९७च्या एका कायद्यामुळे त्यातूनही अनेक वर्षं दरवर्षी ५,००० पर्यंत दुसरीकडे वळती होत होती. अख्ख्या जगासाठी, सगळ्या हॉटेलं, कत्तलखाने, बांधकामं आणि घरकाम धरून. तात्पुरत्या कामांसाठी एच-२बी आहे, त्याची मूळ मर्यादा वर्षाला ६६,०००. शेतीसाठीच्या एच-२एला मर्यादा नाही, पण तो हंगामी कामासाठी आहे. गाईंचं दूध वर्षभर काढावं लागतं, त्यामुळे डेअरीवाल्यांना त्याचा फारसा उपयोग नाही. देशात कागदांशिवाय राहणाऱ्यांचा अमेरिकन सरकारचा स्वतःचा २०२२चा अंदाज सुमारे १ कोटी १० लाख होता. हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की रांग नाही हे कळतं.

१९८६च्या कायद्याची हीच उणीव होती. जे आत होते त्यांना त्याने कागद दिले, पण पुढे लागणाऱ्या कामगारांसाठी कायदेशीर वाट ठेवली नाही. वाट बंद करण्याची जबाबदारी मालकांवर टाकली. कामावर घेताना माणसाला कामाची परवानगी आहे का हे तपासण्याचा आय-९ फॉर्म त्याच कायद्याने आला. पण मालकाला शिक्षा करायची तर त्याने माहीत असून कामावर ठेवलं हे सरकारला सिद्ध करावं लागतं. कागद वरवर खरे दिसले की मालकाचं काम झालं. शिवाय मधे कंत्राटदार आणता येतो, म्हणजे मजूर कंपनीच्या नोंदीतच नाही. शेवटी धाड पडते तेव्हा बेड्या कामगाराला पडतात.

दुसरी चूक १९९६ची, आणि ती तुमच्या भावाच्या थेट वाटेत आहे. त्या वर्षीच्या कायद्याने ठरवलं, की १८० दिवसांपेक्षा जास्त पण वर्षापेक्षा कमी बेकायदा राहून जो स्वतःहून देश सोडेल त्याला ३ वर्षं बंदी, आणि वर्ष किंवा त्याहून जास्त राहिला तर १० वर्षं. बंदी लागते ती बाहेर पडल्यावर. लोक लवकर परत जावेत म्हणून हे केलं होतं. झालं उलटं. जो आईला भेटायला सहा महिने जाऊन परत आला असता, तो आता जातच नाही. माझ्या टेबलासमोर बसून व्हिडिओ कॉलवर वडिलांचे अंत्यसंस्कार पाहिलेली माणसं आहेत. कोणाच्या सुरक्षिततेसाठी हे केलं, ते मला अजून कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

धोरण काय असावं यावर माझं मत स्पष्ट आहे. अमेरिकेच्या कायद्यात ‘रजिस्ट्री’ नावाचं जुनं कलम आहे. ठरावीक तारखेआधीपासून सलग राहणाऱ्या, चांगल्या वर्तणुकीच्या माणसाला त्यावर ग्रीन कार्ड मागता येतं. १९२९ पासून ती तारीख संसदेने वेळोवेळी पुढे सरकवली. शेवटची १९८६ मध्ये सरकवली आणि १ जानेवारी १९७२ वर आणली. ती आजही तिथेच आहे. ही तारीख सात वर्षांच्या मुक्कामाला जोडावी, म्हणजे ती आपोआप पुढे सरकत राहील, असं विधेयक अलीकडच्या वर्षांत मांडलं गेलं, पण पुढे गेलं नाही. मला ती सगळ्यात साधी सुधारणा वाटते. तिच्यासाठी नवं खातं नको, नवी यंत्रणा नको, फक्त तारीख बदलायची आहे.

पण नुसता व्हिसा दिला म्हणजे सुटलं असंही नाही. २००५च्या कतरिना वादळानंतर सिग्नल इंटरनॅशनल या जहाजबांधणी कंपनीने सुमारे ५०० भारतीय वेल्डर आणि पाइपफिटर एच-२बीवर आणले. ग्रीन कार्डाच्या आशेने त्यांनी भारतात १०,००० डॉलर आणि त्याहून जास्त मोजले होते. तिथे त्यांना कंपनीच्या आवारातल्या कोंदट छावणीत ठेवलं, आणि त्याचेही पैसे पगारातून कापले. २०१५ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या ज्यूरीने त्यातल्या पाच जणांना मिळून सुमारे १ कोटी ४० लाख डॉलर भरपाई ठरवली. ही माणसं कायदेशीर व्हिसावर आली होती. व्हिसा एकाच मालकाला बांधलेला असला की कामगार तोंड उघडू शकत नाही. म्हणून मालक बदलण्याची मुभा नसलेल्या कुठल्याही ‘गेस्ट वर्कर’ योजनेला माझा विरोध आहे.

यावर आपल्यातलेच काही चिडतात. एच-१बीवर आलेला इंजिनिअर म्हणतो, ‘मी सगळे नियम पाळले, प्रत्येक देशाच्या ७ टक्के मर्यादेमुळे माझी फाइल वर्षानुवर्षं पडून आहे, मुलगी २१ची होऊन माझ्या अर्जातून बाहेर पडेल. आणि यांना माफी?’ हा राग मी खोटा मानत नाही, अशी कुटुंबंही माझी अशील आहेत. पण त्याची फाइल मोटेलवाल्यामुळे अडलेली नाही. रोजगाराच्या ग्रीन कार्डांचा आकडा १९९०च्या कायद्याने ठरवला आणि तो आजही तोच आहे. २०१३च्या ज्या विधेयकात बिनकागदांच्या लोकांना वाट होती, त्यातच रोजगाराच्या ग्रीन कार्डांवरची देशवार मर्यादा काढण्याचीही तरतूद होती. ते विधेयक पडलं तेव्हा दोघंही एकदम पडले.

आता तुमच्या भावाचं. २०२५च्या फेब्रुवारीत अमृतसरला लष्करी विमानाने १०४ भारतीयांना आणून उतरवलं, ती दृश्यं तुम्ही पाहिली असतील. त्यातले बहुतेक चोरवाटेने सीमा ओलांडलेले होते. तुमचा भाऊ व्हिसा घेऊन, विमानतळावर अधिकाऱ्यासमोर उभा राहून आत आला. हा फरक कायद्यात मोठा आहे. उद्या त्याचं एखाद्या अमेरिकन नागरिक मुलीशी खरोखर लग्न झालं, तर मुदत उलटून राहिल्याबद्दल आणि विनापरवाना काम केल्याबद्दल त्याला सूट मिळते आणि देश न सोडता ग्रीन कार्डाचा अर्ज करता येतो. मुलगी फक्त ग्रीन कार्डधारक असेल तर ही सूट नाही. कागदांसाठी लग्न मात्र चुकूनही नको. ते खोटं ठरलं तर पुढे कुणीही त्याच्यासाठी अर्ज केला तरी मंजूर होत नाही. हा कायदेशीर प्रवेश सिद्ध होतो आय-९४ या नोंदीने. २०१३ पासून विमानाने येणाऱ्यांसाठी ती ऑनलाइन असते. त्याने ती उतरवून घ्यावी आणि शिक्का असलेल्या पासपोर्टच्या पानाचा फोटो तुमच्याकडेही पाठवून ठेवावा. पासपोर्टची मुदत संपू देऊ नये.

त्याला विचारायची सगळ्यात नाजूक गोष्ट आय-९ ची आहे. त्या फॉर्मच्या पहिल्या भागात चार चौकटी असतात: अमेरिकन नागरिक, नागरिक नसलेला पण अमेरिकेचा ‘नॅशनल’, ग्रीन कार्डधारक, आणि कामाची परवानगी असलेला परदेशी. कामावर घेताना कुणी तरी घाईत फॉर्म पुढे करतं, ‘पहिल्या चौकटीत टिक कर आणि सही कर’ म्हणतं. नोकरीसाठी अमेरिकन नागरिक असल्याचा खोटा दावा केला, की ग्रीन कार्डाचा मार्ग जवळजवळ कायमचा बंद होतो. पुढे नागरिकाशी लग्न झालं तरी त्याला माफी नाही. मुदत उलटून राहणं, विनापरवाना काम करणं यांतून वाट निघू शकते, या एका टिकमधून सहसा निघत नाही. त्याला पगार रोखीने मिळत असेल तर कदाचित फॉर्म भरलाच नसेल. पण आठवून सांगायला सांगा, आणि पुढे कुठेही ती चौकट भरायची नाही हे पक्कं बजावा.

पगाराबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी विचारतेच. ‘राहायला खोली दिली आहे’ म्हणून महिन्याला ठरावीक रक्कम आणि रात्रंदिवस डेस्क, असं आहे का? किमान वेतन आणि आठवड्यात ४० तासांवर दीडपट दर हे केंद्रीय नियम स्टेटस नसलेल्या कामगारालाही लागू होतात. केंद्रीय किमान दर २००९ पासून ताशी ७.२५ डॉलर आहे, अनेक राज्यांत याहून बराच जास्त. दावा साधारण दोन वर्षं मागेपर्यंत करता येतो, मालकाने मुद्दाम बुडवलं असेल तर तीन. एक मर्यादा सांगते. युनियनच्या कारणावरून काढलं तर न केलेल्या कामाचा पगार अशा कामगाराला मिळत नाही, असा सुप्रीम कोर्टाचा २००२चा निकाल आहे. केलेल्या कामाचा पगार मात्र त्याचाच आहे. त्याने एका वहीत तारीख, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत काम केलं, हातात किती आले, एवढं रोज लिहावं. तक्रार करायची की नाही हे सध्याच्या धरपकडीच्या वातावरणात वकिलाशी बोलून ठरवावं. पण नोंद नसेल तर ठरवायलाही काही उरत नाही.

थांबायचं की परतायचं? तिथे बायको-मुलं असतील, किंवा जवळच्या नागरिक नातेवाइकामार्फत खरी वाट दिसत असेल, तर देश सोडल्याने ती १० वर्षं अडकेल. तेव्हा घाई नको. तिथे कुणीच नसेल, वय सरत असेल, आणि फक्त कायद्याची वाट पाहणं एवढंच कारण असेल, तर परत येणं मी पराभव मानत नाही. भारतात त्याच्यावर काही गुन्हा नाही. बंदीची १० वर्षं इथे घरी राहून संपतात. स्वतःहून परतलेल्याची फाइल कोर्टाच्या हुकमाने काढलेल्यापेक्षा पुढे कधीही स्वच्छ राहते. आईजवळ असणं हेही कारण आहेच, त्याला कायद्याच्या आधाराची गरज नाही.

तिकीट काढण्याआधी त्याने एकदा पैसे देऊन परवाना असलेल्या वकिलाचा सल्ला घ्यावा. नोटरी, ‘कन्सल्टंट’ किंवा मालकाच्या ओळखीचा माणूस नको. वकिलाचा परवाना त्या राज्याच्या बार असोसिएशनच्या वेबसाइटवर नावाने तपासता येतो. पूर्वी कुणी त्याच्या नावाने असायलमचा किंवा दुसरा अर्ज टाकला होता का, आणि कोर्टाच्या तारखेला न गेल्यामुळे हुकूम निघालेला नाही ना, हे वकिलाकडून तपासून घ्यावं. हुकूम असेल तर जाण्याची पद्धत बदलते. परतायचंच ठरलं तर बोर्डिंग पास आणि मुंबईला उतरल्याचा पासपोर्टवरचा शिक्का जपून ठेवावा. १० वर्षं कधीपासून मोजायची, याचा पुरावा पुढे त्याच्याकडूनच मागितला जाईल.